टपालाने आलेले बारा पाठ : एका पत्रद्वारा बायबल अभ्यासक्रमाविषयी

गेल्या वर्षी जूनमध्ये नाव नोंदवलेला पत्रद्वारा बायबल अभ्यासक्रम मी यंदा एप्रिलमध्ये पूर्ण केला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीतील सात-आठ जण आपापली नोकरी आणि शेती सांभाळून तो चालवतात. मंडळीचे नाव कुठे छापू नये, अशी विनंती त्यांनी प्रवेशाच्या पत्रकावरच केलेली आहे. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, या प्रभूच्या शिकवणीला धरून ती केलेली असल्यामुळे मीही ती पाळते. मराठीत असे अभ्यासक्रम निरनिराळ्या मंडळ्या आणि संस्था चालवतात, आणि आपल्या पाळकांकडे चौकशी केली तर एखादा मिळून जातो. ज्यांना आपला विश्वास अधिक खोल न्यायचा आहे, त्यांनी असा अभ्यासक्रम निवडताना काय तपासून पाहावे, हे या एका उदाहरणावरून सांगता येईल असे वाटल्याने हे परीक्षण लिहीत आहे.

रचना साधी आहे. एकूण बारा पाठ असून प्रत्येक पाठ आठ पानांचा आहे. पहिले चार देवाचा शोध घेण्याविषयी, मधले चार देण्याविषयी आणि शेवटचे चार आज्ञापालनाविषयी आहेत. शुल्क नाही. उत्तरपत्रिकेसोबत स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले एक पाकीट पाठवावे लागते आणि त्याच पाकिटातून तपासलेली उत्तरे व पुढचा पाठ परत येतो. पाठाच्या पहिल्या पानावर शास्त्रभागाचा नुसता संदर्भ दिलेला असतो, आणि त्याखालचे अर्धे पान कोरे सोडलेले असते. हा भाग तीनदा वाचा, तुम्हांला काय दिसले ते येथे लिहा आणि मगच पान उलटा, अशी सूचना असते. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे मंडळीत संडे स्कूल घेतले. उत्तर आधी सांगून टाकायचे आणि प्रश्न नंतर विचारायचा, ही सवय शिकवणाऱ्याच्या अंगात किती मुरते हे मला ठाऊक आहे. त्या कोऱ्या अर्ध्या पानाने माझी ही सवय मोडली, म्हणून अभ्यासक्रमाच्या गुणांमध्ये मी त्याला पहिले स्थान देते.

पहिला पाठ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायावर आहे. मागा, शोधा, ठोका हे तीन शब्द मी मुलांना हातवारे करून शिकवत आले आहे. मूळ ग्रीक भाषेत ही तिन्ही क्रियापदे चालू राहणाऱ्या कृतीची आहेत, म्हणजे एकदा मागून थांबायचे नाही, मागत राहायचे आहे, हे पाठात दोन ओळींत नीट सांगितले आहे. परंतु पाठाचे खरे काम त्यापुढे सुरू होते. सातवा अध्याय शेवटपर्यंत वाचा आणि तो कुठे संपतो ते लिहा, असा प्रश्न आहे. तो खडकावर बांधलेल्या घराच्या दृष्टान्तावर संपतो, वचने ऐकून त्याप्रमाणे करणारा आणि ऐकून न करणारा या दोन माणसांवर. ‘शोधा’ या आज्ञेपासून ‘करा’ या आज्ञेपर्यंतचे अंतर एकाच अध्यायाचे आहे, आणि वाटेत अरुंद दरवाजाही लागतो, ‘प्रभू, प्रभू’ म्हणूनही ओळख न पटलेली माणसेही लागतात. हा अध्याय मी आयुष्यात कितीदा वाचला असेल, पण त्याची दोन टोके एकत्र धरून कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या पाठात नारायण वामन टिळकांचे उदाहरण आहे. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, ही हकिकत मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांना ठाऊक असते. वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ही गोष्ट बहुधा भविष्य खरे ठरल्याची गोष्ट म्हणून सांगतो. पाठ मात्र मधल्या काळाकडे लक्ष वेधतो : त्या काळात हा माणूस वाचत होता, ताडून पाहत होता, आणि सापडलेल्या गोष्टीची काय किंमत द्यावी लागेल हे त्याला पुरते ठाऊक होते. पुढे पाठ लक्ष्मीबाईंकडे वळतो आणि तेथे तो मला विशेष आवडला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी, आणि तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. मधली वर्षे ताटातुटीची, सोवळ्या-ओवळ्याच्या अडचणींची आणि घालमेलीची होती. एका घरातल्या दोन माणसांचा शोध दोन वेगळ्या गतींनी चालतो आणि एकाला सापडले म्हणून दुसऱ्याला आयते मिळत नाही, हे या पाठात कुठेही उपदेशाचा सूर न लावता येते. आपल्या मुलांच्या किंवा जोडीदाराच्या विश्वासाविषयी ज्यांच्या जिवाला घोर लागलेला आहे, त्यांनी हा एक पाठ तरी अवश्य मागवून वाचावा.

तिसरा आणि चौथा पाठ प्रार्थनेच्या वेळा आणि उपास यांविषयी आहेत. ते उपयोगी आहेत, पण त्यांत असे काही नाही जे आपल्या रविवारच्या उपदेशांत येत नाही.

दानाविषयीचे चार पाठ हा अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. पाचव्या पाठात, मंदिरात आपली सारी पुंजी अर्पण करणाऱ्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेच्या दोन दमड्यांचा हिशेब मांडला आहे. त्या दोन नाण्यांची किंमत मिळून एका दीनाराच्या चौसष्टाव्या भागाएवढी होती आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आज चारशे रुपये रोज धरला, तर ती रक्कम सहा रुपयांच्या आसपास भरते. यरुशलेमच्या मंदिरात अर्पणासाठी तुतारीच्या आकाराच्या तेरा पेट्या असल्याची नोंद यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात आहे, हेही पाठात सांगितले आहे. तिच्या दमड्यांचा आवाज त्या पेटीत किती क्षीण आला असेल आणि श्रीमंतांच्या नाण्यांचा केवढा, याचा विचार मी अर्पणाची थैली फिरत असताना त्यानंतर पुष्कळदा केला आहे.

सहाव्या पाठावर मात्र मला अधिक लिहायचे आहे, कारण तो ‘सरवा’ या शब्दावर उभा आहे. शेताच्या कडा झाडून कापू नका, कापणीनंतर पडून राहिलेली कणसे गोळा करू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, अशी आज्ञा लेवीय १९ आणि २३ या अध्यायांत आहे. याच आज्ञेच्या आधाराने रूथ ही परदेशी विधवा बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचायला गेली, आणि तिच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मला. सरवा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. बाजरीची काढणी झाली की माझी आई दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जात असे आणि मी तिच्या मागे ओटा धरून चालत असे. मालकाने आधी बायकांकडून रान झाडून घेतले आहे की थोडे सोडले आहे, हे आई बांधावरूनच ओळखायची. काही रानांकडे ती वळतसुद्धा नसे. त्या वेळी मला त्याचे कारण कळत नव्हते. पाठातले स्पष्टीकरण वाचताना ते कळले : सरव्यात देणारा समोर उभा नसतो. घेणारीला हात पुढे करावा लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत, तिने वाकून आणि वेचून आणलेले तिच्या कष्टाचे असते. नियमशास्त्राने देणाऱ्याच्या पुण्यापेक्षा घेणारीच्या मानाची काळजी आधी घेतलेली आहे, आणि हा विचार मी दशांशावरच्या, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्यावरच्या, कोणत्याही उपदेशात ऐकला नव्हता.

पाठाखालचा प्रश्न असा होता : तुमच्या मिळकतीतील बांधाकडेचा भाग कोणता, आणि तो तुम्ही कसा सोडाल? मला शेत नाही, निवृत्तिवेतन आहे, आणि त्यातला दशांश मी दर महिन्याला पाकिटात घालून देतेच. आठवडाभर मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरामागच्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात आणि त्यांतल्या बायका माझ्याकडे पाणी भरायला येतात. मी कधी कुणाला नाही म्हटलेले नाही, पण नळ कुंपणाच्या आत होता. पहाटे पाचला फाटकाशी उभे राहून ‘बाई, पाणी घेऊ का’ असे रोज विचारावे लागत होते आणि मी उठून फाटक उघडेपर्यंत थांबावे लागत होते. प्लंबरला बोलावून मी तो नळ कुंपणाच्या बाहेर काढून घेतला. जेमतेम दहा फूट पाइप लागला. आता कोण किती वाजता पाणी नेते हे मला माहीत नसते. उत्तरपत्रिकेत मी एवढेच लिहिले, आणि तपासनिसांनी त्याच्या समासात निळ्या शाईने ‘रूथ २:१६ पुन्हा वाचा’ एवढेच लिहून पाठवले. मुद्दाम पेंढ्यांतून काढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका, असे बवाज आपल्या माणसांना सांगतो ते हे वचन.

सातवा पाठ दशांशावरचा आहे आणि तेथे माझा आक्षेप आहे. दशांश भांडारात आणा, म्हणजे मी आकाशाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओतीन, हे मलाखी ३:१० चे वचन घेऊन पाठ तेथेच थांबतो. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा, अनाथ आणि परके यांना पिडणाऱ्यांविरुद्ध देव स्वतः साक्ष द्यायला उभा राहतो, आणि अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातल्या लेव्यासाठी (म्हणजे स्वतःची जमीन नसलेल्या देवसेवकासाठी), परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी ठेवायला सांगितला आहे. ही दोन्ही वचने वगळून दशांश शिकवला, तर ऐकणाऱ्याला वाटते की दिलेले अनेक पटींनी परत मिळवण्याचा हा एक मार्ग आहे. आमच्या भागात हातावर पोट असलेल्या माणसांना अशा आश्वासनांवर कर्ज काढून अर्पण देताना मी पाहिलेले आहे, म्हणून या वगळण्याकडे मला डोळेझाक करता येत नाही. मी हे उत्तरपत्रिकेत सविस्तर लिहिले. पुढच्या छपाईत दोन्ही संदर्भ घालू, असे उत्तर तीन आठवड्यांनी आले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आठव्या पाठात मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतील ‘बुहफाई थाम’ या प्रथेची माहिती आहे. १९१० सालापासून तेथील स्त्रिया प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढून ठेवतात, मंडळी तो गोळा करून विकते आणि त्यातून सेवाकार्य चालते. आपल्याकडच्या हंगामाच्या उपकारस्तुतीला भोपळे, कणसे, कोंबडी आणून लिलाव करतात, त्याच्याशी याची तुलना केली आहे. तुलना चांगली आहे, पण घाईने संपवली आहे.

आज्ञापालनाच्या भागाची सुरुवात भाषेपासून होते, आणि नवव्या पाठाची पहिली तीन पाने मी दोनदा उतरवून काढली. इब्री भाषेत ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांसाठी ‘शमा’ हा एकच धातू वापरतात. यावर पुष्कळ भाषांतून लांब टिपा द्याव्या लागत असतील, मराठीत लागत नाहीत. ‘पोरगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे कुणाला वाटत नाही. मग पाठ १ शमुवेल १५ उघडायला सांगतो आणि त्या अध्यायातले ऐकणे शोधायला लावतो. अमालेकी या शत्रूंचे सर्व काही नष्ट करण्याची आज्ञा मिळालेला राजा शौल चांगली चांगली मेंढरे राखून ठेवतो आणि देवाचे म्हणणे मी पाळले आहे असे शमुवेल संदेष्ट्याला सांगतो. चौदाव्या वचनात शमुवेल विचारतो की मग हे जे मेंढरांचे ओरडणे मी ऐकतो आहे, ते काय? बाविसाव्यात तो सांगतो की यज्ञापेक्षा ऐकणे बरे. आणि चोविसाव्यात शौल कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले. तिन्ही ठिकाणी मूळ धातू तोच आहे. शौल बहिरा नव्हता. त्याने ऐकले होते, पण लोकांचे.

त्यापुढचा पाठ मत्तय ५:२३-२४ वर होता : वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. खाली एकच प्रश्न होता, ‘नाव लिहा.’ बांध कोरल्याच्या वादावरून माझे थोरले भाऊ आणि मी अकरा वर्षे बोलत नव्हतो. वडिलोपार्जित तुकड्यातला माझा हिस्सा तेच कसतात. मी बाकीची सगळी उत्तरे लिहिली आणि ती जागा कोरी ठेवून पाकीट टाकले. पाकीट परत आले ते हलके होते. आत पुढचा पाठ नव्हता, चिठ्ठी होती : ‘एक उत्तर राहिले आहे. अकरावा पाठ तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवला आहे. घाई नाही.’ सुरुवातीला मला राग आला, कारण फुकटच्या अभ्यासक्रमाने इतके आत यावे असे मला वाटत नव्हते. सात आठवड्यांनी मी गेले. वहिनीने चहा टाकला, दादा पावसाविषयी बोलले, हरभऱ्यावरच्या अळीविषयी बोलले, आणि निघताना त्यांनी पिशवीत वाटाणा घालून दिला. बांधाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही आणि तो अजून जागच्या जागी आहे. मी नाव लिहून पाठवले, आणि खाली एवढे सगळे झालेले नाही असेही लिहिले. त्या पाकिटातून अकरावा पाठ आला.

तो पंडिता रमाबाईंवर आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुलींना केडगावच्या माळावर आणले, हे आपण जाणतो. उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी एकटीने अंगावर घेतले, आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमाच्या छापखान्यात तेथल्या स्त्रियांनीच ते छापले. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. आज्ञापालनाचे इतके लांब, इतके रोजच्या रोज करायचे आणि शेवट स्वतः न पाहता आलेले उदाहरण दुसरे शोधून मिळणार नाही. पाठातील भाषाही येथे कामाला साजेशी साधी आहे.

म्हणूनच बारावा पाठ वाचून मला दुःख झाले. तो इब्री १३:१७ वर आहे, आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा या वचनावर, आणि त्यातून पाठ असा अर्थ काढतो की पाळकांच्या, वडीलधाऱ्यांच्या आणि घरात पतीच्या सांगण्यात राहणे म्हणजेच देवाचे ऐकणे. प्रेषितांची कृत्ये ५:२९ चा, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे या वचनाचा, कोठेही उल्लेख नाही. नवव्या पाठाने लोकांचे ऐकणाऱ्या शौलाची चूक इतक्या बारकाईने दाखवली, तेच हात तीन पाठांनंतर ती विसरतात. अकराव्या पाठातली बाईसुद्धा विसरली जाते. इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी अधिकार आणि सिद्धान्त यांवरून वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नाही. त्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात राहिल्या असत्या, तर मुक्ती उभी राहिली असती का? घरात मार खाणाऱ्या बाईच्या हाती हा बारावा पाठ पडला तर ती त्यातून काय ऐकेल, याचा विचार अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोपर्यंत जे कोणी हा अभ्यासक्रम करतील, त्यांनी बारावा पाठ नवव्याच्या शेजारी ठेवून वाचावा.

व्यवहाराच्या काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. अक्षर बारीक आहे आणि साठीच्या पुढच्या वाचकाला दिव्याखाली बसावे लागते. ‘नीतिमान ठरणे’, ‘पवित्रीकरण’ असे शब्द न समजावता वापरलेले आहेत, त्यामुळे मंडळीत नव्याने येऊ लागलेल्या माणसाने तो कुणा जाणत्याबरोबर करावा. वाचता न येणाऱ्यांसाठी काहीच सोय नाही. माझ्या शेजारच्या आजींना मी पाठ मोठ्याने वाचून दाखवते आणि त्यांची उत्तरे लिहून घेते, पण पाठ ध्वनिमुद्रित करून दिले तर अशा पुष्कळ जणींना ते आपापले ऐकता येतील. पत्रकात सहा महिने लागतात असे म्हटले आहे; टपालाचा वेळ धरून आणि माझे सात आठवडे वगळूनही आठ महिने धरावेत.

बारावी उत्तरपत्रिका पाठवून आता महिना झाला. सोबत प्रमाणपत्र येते असे सांगतात. इब्री १३:१७ विषयी मी दोन पाने जास्तीची जोडलेली आहेत, आणि त्यांच्या समासात निळ्या शाईने काय लिहून येते याची मी वाट पाहत आहे.